पाठीच्या पाण्यातली बुरशी

९ जानेवारी १९७८
कामठीचा नामदेव, यंत्रमागावरचा विणकर. टीबीचा मेंदूज्वर धरून औषधं चालू, पण डोकं दुखायचं थांबत नाही, शुद्धही जाऊन-येऊन. आज प्रयोगशाळेत त्याच्या पाठीतलं पाणी काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काळ्यात पांढरी वलयं. एका पेशीला कोंब. टीबी नाही, बुरशी. दुसरी स्लाइड केली. तेच.
वॉर्डचे डॉ. व.: "नक्की?"
"नक्की."

१२ जाने.
बुरशीवरचं औषध, अँफोटेरिसिन, मुंबईहून आलं. पिवळी पूड. मिठाच्या सलाइनमध्ये साकळतं, ग्लुकोजमध्येच द्यायचं. सिस्टरजवळ उभी राहिले. माझं काम नव्हे, तरी. उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळं कापड. नामदेवला सडकून हुडहुडी भरली. अपेक्षित.

१३ जाने.
बाटली उघडी, वर ऊन. कापडाची घडी त्याच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या मांडीवर.
"काहून काढलं?"
"जित्या माणसाच्या डोक्यावर काळं लटकवता काय बाई?"
"उद्या संक्रांत. उद्या तुम्हीच काळं नेसाल."
"उद्या चालते. आज नाही चालत."
"आणि परवा?"
"परवा कायले चालन?"
संध्याकाळी त्यांच्या मागावरचं जाड मरून कापड आलं. दुहेरी करून खिडकीशी धरलं. उजेड येत नाही. मंजूर.

२५ जाने.
रक्तातला युरिया वाढला. औषध बुरशीला मारतं, मूत्रपिंडालाही सोडत नाही. डॉ. व. बंद करावं की काय या विचारात. शेवटी दिवसाआड. मला मत विचारलं नाही. मीही दिलं नाही.

४ फेब्रुवारी
युरिया उतरतोय! नामदेवने बायकोला ओळखलं. ती रडायला लागली, तर म्हणतो, "काहून रडून राहिली वं? मेलो काय मी?"
"मेले असते तं इतके दिवस खाटेपाशी बसली असती काय मी?"
सगळा वॉर्ड हसला. मीसुद्धा, बहुतेक.

२० फेब्रु.
पाठीतून काढलेल्या नव्या पाण्यात वलयं आहेत, पण मोजकी. मेलेल्या पेशीही तशाच दिसतात. खरं काय ते कल्चर सांगेल: बुरशी जिवंत असेल तर प्लेटवर वाढेल. प्लेट आजपर्यंत कोरी. यमुनाबाई प्रयोगशाळेच्या दारात.
"मेली काय बाई बुरशी?"
"इतक्यात सांगता येत नाही."
"जिती हाये, असं सांगता येते काय?"
"तेही नाही."
"मंग मी त्याईले मेली म्हणूनच सांगतो."
वळल्या, भराभर चालायला लागल्या. हाक मारली नाही. प्लेट परत इनक्यूबेटरमध्ये ठेवली.