चूळ न भरता

ठाणे
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

ती. दामाजीकाकांना,

हेमांगीचा नमस्कार. दगडाबाईआत्यालाही सांगा.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण तुम्ही कानाचं मशीन लावत नाही, आणि आत्या मधे बसून निरोप सांगते तेव्हा निम्मं तिच्या मनाचंच घालते. म्हणून लिहायला बसले. करंज्याला पत्र चार-पाच दिवसांत पोचतं, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

गणपतीला तुम्ही आला नाहीत. आईने तुमच्या वाटणीचे मोदक डब्यात काढून ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ले. बाबांची खोपट डेपोतली नोकरी मार्चला संपेल. गुडघा दुखतो, पण एसटीच्या क्लचवर पाय पडला की आपोआप राहतो म्हणतात. यज्ञेशदादाची मुलगी, तुमची नात, पालथी पडायला लागली. ती तुमच्यासारखी कपाळाला आठी घालते असं सगळे म्हणतात. मला तशी दिसत नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

वागळे इस्टेटमधला आपला गॅरेजचा गाळा चालू आहे. दादा सकाळी नऊला उघडतो. तुमची हत्यारांची पेटी फळीवर आहे तिथेच आहे, तिला कोणी हात लावत नाही.

तुम्ही ज्याला भंगारवाल्यांचं भजनी मंडळ म्हणायचात, तो आमचा ग्रुप आता सव्वाचारशे जणांचा झाला आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुन्या गाड्यांचे इतके वेडे असतील असं वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी डोंबिवलीत मैदानाच्या कडेला सात-आठ गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात. दिपेश आपली एकोणीस वर्षांची डिझेल गाडी आणतो आणि ती सुरू होताना लोक टाळ्या वाजवतात. इंजिन ऑइल कुठलं घालावं यावरून दोघांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं आहे. कोणी सेकंड हँड गाडी घ्यायला निघालं की मला बोलावतात. मी चाळीस गोष्टी तपासते आणि कागदावर लिहून देते. बहुतेक तुम्हीच शिकवलेल्या. जुन्या गाडीत नवा गालिचा दिसला की आधी तो उचलायचा, ही सुद्धा.

आता मुख्य काम. ग्रुपवर एका माणसाचा प्रश्न आला आहे. २०१७ची पांढरी पेट्रोल गाडी. सिग्नलला उभी असताना डावीकडची काच आपोआप खाली येते. परवा कल्याणच्या पत्रीपुलावर हॉर्न स्वतःच वाजायला लागला आणि थांबेना. लोकांनी सल्ले दिले. बॅटरीचे टर्मिनल घासा, अर्थिंग बघा, रिले बदला. चिरागने लिहिलं की लिंबूमिरची बांधा. मी काहीच लिहिलं नाही.

समजा, नुसतं समजा, की त्या गाडीत कधीतरी खाडीचं पाणी शिरलं असेल. पावसाचं नाही, भरतीचं. सीटच्या रुळांपर्यंत. मग कोणी धुतली, वाळवली, आतून नवी केली आणि काही महिने ती नीट चालली. तर खालचं वायरिंग किती दिवस टिकतं? सीटखालचा पिवळा प्लग असतो, एअरबॅगचा, तो आतून कुजला तर एअरबॅग उघडत नाही, की नको तेव्हा उघडते? नुसता प्लग बदलून भागतं का? त्या माणसाची आई पुढच्या सीटवर बसते, म्हणून विचारते.

मला उत्तर साधारण माहीत आहे. तरी तुमच्याकडून आलं तर बरं.

उत्तर सावकाश पाठवा, घाई नाही. म्हणजे, फार उशीरही नको.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
हेमांगी


ठाणे
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

ती. काका,

नमस्कार. आज घट बसले.

तुमचं कार्ड गुरुवारी आलं. आधी बाबांच्या हातात पडलं. पत्ता सोडला तर त्यावर चारच शब्द होते: ‘चूळ भरलेलीस का पोरी?’ बाबा म्हणाले, हा लिहितो तरी काय, करंज्याची हवा याला मानवलेली दिसत नाही. मी कार्ड घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

नाही भरली, काका.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बंदरावर तुम्ही होडीचं इंजिन उघडून मला दाखवलं होतंत. बोल्टवर बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. गोडं पाणी असेल तर मशीन वाचतं. खारं असेल तर ते आतून खातच राहतं, वरून कितीही रंग काढा. होड्या सोडून गाड्या हातात घेतल्या तरी तुम्ही तेच केलंत. आणि आधी चूळ भरायची, कारण कोळ्यांच्या पोरांच्या तोंडात मीठ असतंच. चूळ न भरता चाखलं तर ते गाडीचं मीठ की आपलं, हे कधीच कळत नाही.

आता क्रमाने सांगते. प्रश्न विचारणारा कोणी माणूस नव्हता. लक्ष्मीताई म्हणून आहेत, डोंबिवलीला राहतात, घरी शिकवण्या घेतात. आईच्या पायांसाठी आठवड्यातून दोनदा कल्याणला जावं लागतं, रिक्षात त्या माउलीला चढता येत नाही, म्हणून चाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. जूनमध्ये त्यांच्यासाठी गाडी मी तपासली. आपल्याच गाळ्यावर. ती यज्ञेशदादाने लिलावातून आणलेली होती.

मी गालिचा उचलला. सीटचा बोल्ट पुसलेला होता, पण खाली कडेला पांढरट पापुद्रा होता. बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. दुपारी आईने सुकट केली होती, दोन वाट्या खाल्ल्या होत्या. मनात म्हटलं, सुकटीचंच असेल. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती, भरलेली. मी ती काढली नाही. विसरले असं लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित मानलंही असतंत, पण विसरले नव्हते. बाटलीकडे हात गेला होता आणि मी तो मागे घेतला. शंका उरावी म्हणून.

चावी फिरवली की सगळे दिवे एकदा पेटून विझले पाहिजेत. एअरबॅगचा पेटलाच नाही. कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. कागदावर मी लिहिलं, ‘एअरबॅगचा दिवा दिसत नाही.’ शिकाऊ माणूस ते चांगलं म्हणूनच वाचणार, हे मला माहीत होतं. चाळीसच्या चाळीस ओळींत एकही खोटं वाक्य नाही. मी नंतर दोनदा वाचून पाहिलं.

दादा टायरला टेकून उभा होता. मी चाखलेलं त्याने पाहिलं. म्हणाला, “तू हो म्हणालीस तरच लोक घेतात गं. माझ्यावर कोण विश्वास ठेवतं? बाबांनीच नाही ठेवला.”

फेब्रुवारीत, दादा लिलावातून पाणी शिरलेल्या गाड्या आणून विकतो, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. मला वाटलं होतं तुम्ही त्याला दटावाल, तो आठ दिवस तोंड फुगवेल आणि संपेल. तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्यात आणि संध्याकाळच्या गाडीने करंज्याला गेलात. वहिनीला तेव्हा पाचवा लागला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना कोणी तुमचं नाव काढलं की दादा उठून हात धुतो. एकदा खरं बोलले त्याचं हे झालं, मग दुसऱ्यांदा तोंड उघडवेना. ही सबब आहे, मला कळतं. पण दुसरी माझ्याकडे नाही.

लक्ष्मीताईंनी ग्रुपवर काच आणि हॉर्नचं लिहिलं तेव्हा शेवटी एक वाक्य होतं: ‘हेमांगीने बघून दिलेली गाडी आहे, म्हणजे मोठं काही नसणार.’ ते मी पहिल्या पत्रात तुम्हाला लिहिलं नाही. ग्रुपवर बाकीचे रोज नवा उपाय सांगत होते आणि त्या बिचाऱ्या एकेक करून पाहत होत्या. अठ्ठावीस सल्ले मी मोजले.

शनिवारी दादाला सांगितलं की मी उद्या त्यांच्याकडे जाते आहे. तो कोणाच्या तरी गाडीखाली होता. बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, “परत?” एवढंच. मी निघाले.

काल सकाळी डोंबिवलीला गेले. लक्ष्मीताईंना वाटलं मी काचेचं बघायला आले आहे. त्यांनी कांदेपोहे केले होते, आई खुर्चीत बसून शेंगदाणे वेगळे काढत होती. मी बशी तशीच ठेवली. म्हटलं, आधी खाली चला. पार्किंगमध्ये वॉचमन बघत होता. त्याच्यासमोर मी बाटली काढली, तीनदा चूळ भरली, सीट मागे सारून बोल्टवर बोट फिरवलं आणि चाखलं.

“खारं आहे,” मी म्हटलं. “खाडीचं पाणी शिरलेली गाडी आहे ही. जूनमध्येही खारंच होतं. मला कळलं होतं आणि मी लिहिलं नाही. गाडी माझ्या भावाची होती. आता आईंना यात बसवू नका, एअरबॅगचा भरवसा नाही.”

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या बॉनेटला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, दोन महिने त्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांना फोन करून विचारताहेत की माझा हात कुठे चुकतो. बायकांच्या हातात गाडी टिकत नाही असं शेजारचे म्हणाले, तेही त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. माझा चाळीस ओळींचा कागद आरसीबरोबर ठेवलेला होता. लॅमिनेट करून.

तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हा तुमचा कागद तुम्ही घेऊन जा.”

त्या मला नेहमी अगं हेमांगी म्हणायच्या, काका. जेवून जा गं, वाळलीस किती गं, असं. काल पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाल्या.

मी तिथूनच दादाला फोन केला. तासाभरात तो टोइंग व्हॅन घेऊन आला. वर गेला, लक्ष्मीताईंशी काय बोलला ते मला माहीत नाही, त्याने मला खालीच थांबायला सांगितलं होतं. आल्यावर म्हणाला, गाडी परत घेतली. ठाण्यापर्यंत आम्ही व्हॅनमध्ये शेजारी बसून आलो. मुंब्र्याच्या पुढे त्याने खिडकीची काच खाली केली, तेवढाच आवाज.

गाळ्यावर त्याने पुढची सीट सोडवून बाहेर ठेवली, गालिचा ओढून काढला. खाली वायरिंगचा जुडगा होता, वरची टेप नवी आणि आत हिरवं पडलेलं. त्याने ती टेप आणखी थोडी सोलली. मग माझ्या पिशवीतून बाटली घेतली, दाराशी जाऊन चूळ भरली आणि बोट जिभेला लावलं. लोक हसतील म्हणून इतकी वर्षं त्याने हे कधी केलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. दोनदा चाखलं.

“खारंच आहे गं,” म्हणाला, आणि बाहेर काढलेल्या सीटवर बसला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, बाबांना लिहिलंस का. मी म्हटलं, प्रश्न लिहिला, नाव नाही लिहिलं. तो म्हणाला, “आता नाव लिही.”

म्हणून लिहिलं. त्याला विचारून लिहिते आहे, त्याच्या पाठीमागे नाही. या वेळी तरी.

काल संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं आणि यापुढे कोणाची गाडी तपासणार नाही असंही लिहिलं. रात्रभर कोणीच काही बोललं नाही. दिपेशने एकट्याने वेगळा मेसेज केला, त्याच्या गाडीचा माझा कागद खरा आहे ना, असं विचारत होता. खरा आहे असं कळवलं. त्याचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. मग सकाळी कोणीतरी वायपर कुठले चांगले ते विचारलं आणि सगळे त्यावर बोलू लागले.

तुम्ही माझ्यावर रागावा, ते मी समजून आहे. दादावर अजून रागवायचं असेल तर समोर येऊन रागवा. पाठ दाखवून गेलात त्याचा त्याला आणि मला दोघांनाही काही उपयोग झाला नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण खोडत नाही.

दोन तारखेला, गुरुवारी, दसरा. गाळ्यात हत्यारं धुऊन मांडायची आहेत. तुमचीही मांडू का, म्हणून आज सकाळी मी पेटी खाली काढायला गेले. दादाने हात धरला. म्हणाला, ज्याची आहे तो उघडेल. नाही आला तर बंद पेटीलाच फूल वाहू.

ती पांढरी गाडी अजून गाळ्यात उघडीच आहे. सगळं वायरिंग बाहेर काढायचं, की गाडीच सुटी करून भंगारात द्यायची, हे त्याला ठरवता येत नाही. मलाही नाही. तुम्हाला फक्त बोट फिरवायचं आहे. बाटली मी भरून ठेवीन.

(आज्ञाधारक लिहायला घेतलं होतं, ते खोडलं.)

तुमची,
हेमांगी