गोळ्यांनीच झालं असतं तर

११ मार्च, उदगीर
शेजारची शुभा लातूरहून परत आली. हॉस्टेल रिकामं केलं, पाणीच नाही. पाणी आलं की फोन करू म्हणालेत क्लासवाले. बसमधून उतरताना डावा पाय टेकवेना. पोटरी टम्म, लाल. मी बॅग घेतली तर म्हणते, "तीन मजले घागरी चढवल्यात, बालाजी. तू कॉलेज सोडून खाटेवर लोळून राहिलास, तुला काय कळणार!"
इतक्या दिवसांनी दिसली आणि पहिलं वाक्य हे. तरी बरं वाटलं. किती, ते इथंही लिहवत नाही.

१३ मार्च
पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टरनं विचारलं, कसल्या गोळ्या घेतल्या का? शुभानं वहिनीकडं बघितलं. मग तिची वहिनीच बोलली. मागच्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं. देवकाच्या दिवशी अडचण नको म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या वहिनीनंच आणून दिल्या. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्या, त्यात पाणी कमी पिणं, रक्त घट्ट झालं. इंजेक्शनं घ्या, बरी होईल.
दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझं डोकं फिरलं. चारचौघांत बोललो वहिनीला. तुम्हीचं तू झालं. "देवकापायी पोरीला मारायला निघालीस!" आमच्या आजोबांनीच सोडली ही देवकं-बिवकं, असंही काय काय. वहिनी खाली बघत उभी. शुभाचा भाऊ, अण्णा, मध्ये आला. "तू कोण रं आमच्या घरच्या बाईला बोलणारा?"
खरंच. कोण?

२४ मार्च
इंजेक्शन मी आणतो, देते वहिनी. मी दाराबाहेर. आतून शुभाचा आवाज, "हळू गं! गोळ्यांनी भागलं न्हाई म्हणून सुई घेतलीस का?" दोघी हसल्या. मी नाही हसलो. वहिनी बाहेर आली की मी दुसरीकडं बघतो.

२ एप्रिल
अण्णा तहसीलसमोर आंदोलनाच्या मंडपात. नवा जिल्हा पायजे. जिल्हा झाला की मोठा दवाखाना, मशिनी, सगळं इथंच, म्हणतो. तोवर लातूर नाहीतर नांदेड.
शुभाला घास जात नाही. मेसच्या जेवणानं ॲसिडिटी झाली, म्हणते. ड्रेस खांद्यावरून उतरतोय. गल्लीतल्या बाया म्हणून राहिल्या, वहिनीच्या गोळ्यांनी पोरगी वाळली. हे माझ्याच तोंडून निघालेलं.

९ एप्रिल
आता उजवा पाय. औषध चालू असताना! डॉक्टरचा चेहरा बदलला. नांदेडला घेऊन जा म्हणाले. अण्णा दारात येऊन म्हणाला, "तुला नांदेड ठाव हाय. चल." पायऱ्यांवरचं विसरला नाही, पण चल म्हणाला.

१४ एप्रिल, नांदेड
जयंती. रस्ते निळे, ढोल दवाखान्यात ऐकू येतायत. दरवर्षी मी पुढं नाचतो. आज कॉरिडॉरमध्ये.
काल माझ्या कॉलेजवरून गेलो. शेवटचं प्रॅक्टिकल रक्त गोठण्याचंच होतं. बोटाचं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, नळी जराजरा मोडत जायची. दोन तुकड्यांत बारीक धागा ताणलेला दिसला की रक्त गोठलं. माझा धागा दिसायच्या आत सरांशी वाजलं आणि मी निघालो तो निघालोच. बसायला पाहिजे होतं का? बसून काय झालं असतं?
तिची पोटाची दुर्बीण झाली, सीटी झाला. रिपोर्ट उद्या.

१५ एप्रिल
जठराचा कॅन्सर. यकृतात गेलाय.
डॉक्टर मॅडम शांतपणे सांगत होत्या. रक्त गोठतं ते जखमेसाठी. ही गाठ शरीराला सारखं सांगत राहते की जखम झालीय. मग रक्त गोठत राहतं, सूज उतरत नाही, आणि त्याच सुजेवर, त्या गोठलेल्या जाळ्याच्या आडोशाला गाठ पोसते. दोघं एकमेकांना जगवतात. पायातली गुठळी म्हणजे त्या गाठीचीच खबर होती. आपण पायच बघत बसलो.
मी विचारलं, मग त्या गोळ्या?
"थोडा हातभार लागला असेल. पण गोळ्या नसत्या तरी हे होणारच होतं."
गोळ्यांनीच झालं असतं तर. गोळ्या बंद करता येतात.
खाली चहाच्या गाड्यावर अण्णानं माझा हात धरला. शुभाला सांगायचं न्हाई. अल्सर म्हणायचं. "हिलाबी न्हाई. हिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." हिला म्हणजे वहिनीला. मी हाव म्हणालो.

२० एप्रिल, उदगीर
वहिनी एकवेळच जेवते. शुभाचे पाय चेपताना डोळे पुसते. शुभा तिलाच समजावते, "अगं, पोटातला अल्सरबी त्या गोळ्यांनीच झाला असंल. तुला काय ठाव होतं?"
माझ्याच्यानं बघवत नाही.

२३ एप्रिल
सांगितलं. अण्णाला दिलेला शब्द मोडला.
टँकर आला होता. वहिनी घागरीत पाईप धरून उभी. म्हणालो, वहिनी, गोळ्यांनी नाही झालं. मग कॅन्सर हा शब्दही बोललो. ती तशीच उभी. घागर भरली, वाहायला लागली, मागच्या बायांनी आरडाओरडा केला, पाणी सांडून राहिलंय, ध्यान कुठं हाय! तिनं पाईप पुढच्या बाईला दिला.
मला वाटलं रडेल. सुटल्यासारखं वाटेल तिला.
"अजून कुणाला बोललास?"
"न्हाई."
"बोलू नको. गोळ्यांनीच झालं म्हण. गोळ्यांचं हाय तवर पोरगी हसून राहिलीय."
"पण वहिनी, लोक तुम्हाला..."
"लोकांचं काय घेऊन बसलास? सगळ्यांच्या आधी तूच बोलला होतास की."
घागर डोक्यावर घेतली आणि गेली. माफी मागायची राहिली.

२८ एप्रिल
उद्या नांदेड, पहिली केमो. ताकदीचं सलाईन लावणार, असं शुभाला सांगितलंय. त्या वॉर्डाच्या दारावर काय लिहिलंय ते ती वाचेलच. अण्णा म्हणतो, तवाचं तवा बघू.
संध्याकाळी गेलो. शुभा बाजेवर, उशीला टेकून. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आज सांगावं. जे कधीच नाही सांगितलं ते.
तीच बोलली. "बालाजी, तू वहिनीशी नीट वागायला लागलास."
"म्हंजे?"
"परवा तिच्या डोक्यावरची घागर उतरून घेतलीस. अहो-जाहो करून राहिलास. आधी तोंड बघत नव्हतास तिचं. तुझा राग इतक्यात जात न्हाई, मला ठाव हाय. काय झालं?"
वहिनी दारात चहा घेऊन उभी, तिनं ऐकलं होतं. कप माझ्यापुढं धरला आणि नजर हलवली नाही.
मी म्हणालो, "तुझ्या हातचा नको मला. पोरीची काय दशा केलीस बघ."
वहिनीनं मान खाली घातली. कप बाजेवर ठेवला.
शुभानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तो कप स्वतःच उचलला, फुंकर मारली.
"बरं," एवढंच म्हणाली.
पटलं का तिला? कळलं नाही. गाडी पहाटेची आहे.