चेन न उघडलेलं ब्लँकेट

अल ऐन,
२६ जानेवारी

प्रिय हुमेरा,

अम्मांचा हट्ट म्हणून हे कागदावर लिहिते आहे. फोनवर रोज बोलणं होतंच, असं मी म्हणून पाहिलं. पण गल्फहून गावी जाणाऱ्या माणसाच्या हातात पत्र हवंच, रिकाम्या हातानं दारात कसं उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. अब्बा अबुधाबीत होते तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पत्र पाठवायचे आणि शाळेतून आल्या आल्या तू दप्तर न उतरवता ते वाचून दाखवायचीस, हे त्यांनी मला या दोन महिन्यांत निदान वीसदा सांगितलं. आत्ताही त्या तुझ्यासमोर बसल्या असतील. मोठ्यानं वाच.

सुरुवात थंडीपासून करायला त्यांनीच सांगितलंय, कारण तुला ती खरी वाटत नाही. तुला काय, गावात कुणालाच वाटत नाही. दुबई म्हणजे ऊन, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पण आम्ही दुबईत नाही, समुद्रापासून लांब आत वाळवंटात आहोत, आणि जानेवारीत पहाटे इथे नऊ-दहा डिग्री असतं. घरं बांधलेली गार राहण्यासाठी. खाली लादी, वर उंच छत, एसीला फक्त गार करता येतं. उन्हाळ्यात नळाला उकळतं पाणी आणि हिवाळ्यात बर्फाचं. आमचा व्हिला पाच कुटुंबांत वाटलेला आणि मीटर एकच, त्यामुळे हीटर दिसला की नातूर, म्हणजे इथला वॉचमन, दार वाजवतो. एक छोटा हीटर आम्ही लपवून ठेवलाय, तो मुलांच्या खोलीत झोपण्याआधी तासभर. बाकी सगळी ऊब ज्यानं त्यानं आपल्या अंथरुणात तयार करायची.

त्यात अम्मा आम्हा सगळ्यांच्या उस्ताद निघाल्या. तुझ्या भावाच्या कार्गो ऑफिसातले मोठे पुठ्ठे उलगडून गादीखाली घातले की लादीचा गारठा वर येत नाही, ही युक्ती त्यांची. खाटेची उशाची बाजू बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, दाराच्या फटीला जुन्या टॉवेलची गुंडाळी, मोज्यांवर मोजे, डोक्याला आमच्या अयानची कानटोपी. मी त्यांना मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून मायक्रोवेव्हमध्ये गरम करून द्यायची. तो पायाशी ठेवला की तासभर टिकतो. चौथ्या दिवशी पाहिलं तर मोजा रिकामा, आणि तोच तांदूळ त्यांनी पेजेला लावलेला. अन्नाचे असे हाल करू नयेत म्हणाल्या. पेज आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मग मी रबरी पिशवी आणली. ती त्या पोटाशी धरून झोपायच्या आणि पहाटे नमाजाआधी त्याच कोमट पाण्यानं हातपाय धुऊन वुजू करायच्या, म्हणजे गीझरही वाचला. अर्शनं शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला, त्याला स्टार मिळाला. अशी सासू मिळायला नशीब लागतं, हे मी त्यांच्यादेखत लिहिते आहे.

पान उलटलंस? आता इथून पुढे मनात वाच. अम्मांना सांग, पुढे मुलांच्या ट्यूशनचं आहे. त्यांना त्याचा कंटाळा येतो, त्या उठून मांजराला शोधायला जातील.

अम्मांना अचानक दारात बघून तुझा चेहरा कसा होईल, याचा मी काल भांडी घासताना विचार करत होते आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गेल्या आठवड्यात तू मला फोनवर म्हणालीस, माझ्या सुमैय्याचं लग्न होऊ दे, मग पाठव, आत्ता घरात पाय ठेवायला जागा नाही. मी बघते म्हणाले. बघितलं आणि तिकीट काढलं. तुला कळवलं असतं तर तू खैरुद्दीनला फोन केला असतास, आणि तुझ्या भावाला रडणाऱ्या माणसाचं नेहमीच पटतं.

आपण दोघी मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. मी खिडकीशी, तू माझ्या शेजारी. माझ्यासाठी भावाचं स्थळ तू आणलंस, माझ्या अब्बांना तूच पटवलंस. अम्मा तेव्हा मला म्हणाल्या होत्या, सून नाही, दुसरी हुमेरा आणली. ते वाक्य मला वीस वर्षं पुरलं. नंतर कधीतरी आपण दोघी मैत्रिणी राहिलो नाही, एकमेकींच्या ड्यूट्या मोजणाऱ्या बायका झालो. तू म्हणायचीस, अकरा वर्षं मी सांभाळते. मी म्हणायचे, पाठवते कोण. नोव्हेंबरात तू मेसेज केलास, आता तुमची पाळी. पाळी! पाणी भरायची असते तशी. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्या उतरल्या, साठ दिवसांच्या व्हिजावर, एका बॅगेत तीन सुती साड्या आणि एक विरलेली शाल घेऊन. येताना त्यांनी तुझ्याकडे ब्लँकेट मागितलं होतं. तू हसलीस आणि म्हणालीस, गल्फला कुणी ब्लँकेट नेतं का?

तुझ्या कपाटावर सात आहेत. मला आकडा ठाऊक आहे, कारण सातही मी निवडलीत. दर सुट्टीला एक, दुहेरी, मोठ्या गुलाबांचं, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत. गल्फहून येणारा माणूस ब्लँकेट आणतोच, आणि आपल्याकडे ते कधी उघडत नाहीत, कारण आपल्याकडे थंडीच पडत नाही. पाहुणे आले की कपाटाकडे बोट दाखवायचं, लग्न ठरलं की खाली काढून पुसायचं. इतकी वर्षं आम्ही थंडीतून उकाड्यात ब्लँकेटं पाठवत राहिलो आणि कुणालाच हसू आलं नाही.

आल्यावर चौथ्या दिवशीचा फोन आठवतो? अम्मांना स्पीकर बंद करता येत नाही. त्या म्हणाल्या, गावचा जहूरभाई सुट्टीवरून इकडे परत येतोय, त्याच्या हाती त्यातलं एक पाठव गं, पाय गार पडतात. तू म्हणालीस, ती सुमैय्याच्या जहेजात मांडायची आहेत, सात सांगितलीत तिच्या सासरी, सहा कशी मांडू. आणि भाई गल्फमध्ये असून आईला एक ब्लँकेट घेता येत नाही? मी कणीक मळत होते. सगळं ऐकलं. जहूरभाई आले ते सुकट आणि कोकम घेऊन.

घेता येत होतं, हुमेरा. चांगलं जाड ब्लँकेट एकशेदहा दिरहमला मिळतं, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. तेवढे माझ्या पर्समध्ये होते. मी घेतलं नाही. तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं आणि मला तू हरायला हवी होतीस. तू पाठवलंस तरच, असं मी ठरवलं. अम्मा सकाळी पाय चोळत बसल्या की मी गोड आवाजात विचारायचे, हुमेराचा काही निरोप? त्यांचा चेहरा उतरायचा आणि मी चहा ओतायचे. तीन आठवडे मी हे केलं. मघाशी ज्या युक्त्यांचं कौतुक वाचलंस त्या सगळ्या या तीन आठवड्यांतल्या. अर्श म्हणायचा, इट्स नॉट दॅट कोल्ड, दादी. मी त्याला कधी गप्प केलं नाही.

मग सत्तावीस डिसेंबरला घेतलं. दया आली म्हणून नाही; शेजारची शिवानी बघायला आली आणि अम्मांचा हात हातात घेऊन म्हणाली, भाभी, यह तो बिलकुल ठंडा है. मला लाज वाटली, ती शिवानीची. गर्द लाल, मोठ्या गुलाबांचं आणलं आणि अम्मांच्या खाटेवर ठेवलं. त्यांनी प्लॅस्टिकवरून हात फिरवला, किती वेळ फिरवत राहिल्या. किती सुंदर म्हणाल्या. मग म्हणाल्या, आठ झाली.

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्या शालीत गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या, आणि ब्लँकेट पिशवीसकट पायावर. मी म्हटलं, उघडा की. म्हणाल्या, वजनानं बरं वाटतं, उघडायला कशाला हवं. एकदा चेन उघडली की जुनं दिसतं, सुमैय्याच्या सासरचे नावं ठेवतील. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

ऐक आता, कारण हे मी तुझ्या भावाला सांगितलेलं नाही. मी ती चेन ओढू शकले असते. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये कात्री होती. पण मला राग आला. मी आणलेलं, माझ्या पैशांचं, आणि तेही तुझ्याकडेच जायचं! मी मनात म्हटलं, गारठू देत. लाडक्या लेकीसाठीच गारठतायत ना, मग गारठू देत. अठरा दिवस रोज सकाळी मी त्या खोलीत जायचे, पिशवी बंद आहे का बघायचे, ती बंद असायची, आणि मी पडदा उघडून म्हणायचे, अम्मा, झोप झाली का? त्या हो म्हणायच्या. अठराव्या दिवशी त्यांना हो म्हणता आलं नाही, खोकल्यातून शब्दच निघेना. छाती अशी वाजत होती की अयान घाबरून बाहेर पळाला.

दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. न्यूमोनिया म्हणून तुला सांगितलं तेवढं खरं आहे. न सांगितलेलं असं, की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन फोटो दाखवला. फुफ्फुसं आधीच थकलेली होती, आता निम्मी कामाची राहिली नाहीत. वयाच्या मानानं महिने मोजायचे, वर्षं नाहीत, आणि अंगाला गारवा लागू द्यायचा नाही. तुझ्या भावानं ऐकलं आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये व्हिजाची तारीख बघितली. व्हिजिटवर इथे काही झालं तर पेपरवर्क कोण करणार, म्हणाला. मी म्हटलं, एक्स्टेन्शन करू. तो म्हणाला, बघू, इन्शाल्ला. त्याचा हा इन्शाल्ला मला ओळखू येतो, त्याचा अर्थ खलास. आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मला त्या इथे, त्या खाटेवर, माझ्या डोळ्यांसमोर मरायला नको आहेत. तुला पटो न पटो, मी एवढीच वाईट आहे आणि एवढीच खरी.

म्हणून हे पत्र. अम्मांना वाटतंय, नातीच्या लग्नाला तू बोलावलंस म्हणून त्या निघाल्या. तिकीट एकाच बाजूचं आहे, ते त्यांना वाचता येत नाही. आजाराचं त्यांना काही सांगू नकोस. बॅगेत वर औषधं आहेत, खाली गर्द लाल ब्लँकेट. सात किलो वजन त्यानंच खाल्लं, साड्या मी इथेच ठेवल्या. बॅग उघडताच त्या पिशवी तुझ्या हातात देतील आणि म्हणतील, आठ झाली. तेव्हा गोड बोलू नकोस, कपाटावर ठेवू नकोस. कात्री घे आणि त्यांच्यासमोर ती पिशवी फाड, अशी फाड की परत कुठल्याच लग्नात मांडता येणार नाही, आणि ब्लँकेट त्यांच्या अंगावर घाल. माघाची पहाट आपल्याकडेही गारठते, आणि आता त्यांना तेवढंही पुरेल. त्या रडतील, तुला शिव्या देतील, नातीचं वाटोळं केलंस म्हणतील. म्हणू दे. आपण होऊन त्या ते कधीच उघडणार नाहीत. मी अठरा दिवस वाट बघितली.

तुझीच, खिडकीशी बसणारी,
नबिला