दाराजवळची कच्ची ओळ

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून धडधाकट आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, हे मलाही कळतं. तरी धरते. तुमच्या पहिलीच्या वर्गात दोन ओळी होत्या. खिडकीकडची पक्की, दाराजवळची कच्ची. गावातली पोरं पक्कीत, आम्ही बंजारा तांड्यावरची सहा जणं कच्चीत. "मराठी आली का आत घेईन," असं तुम्ही म्हणायचात आणि आमच्याकडे पाठ करून पक्कीला शिकवायचात. आम्ही वर्ग झाडायचा, माठ भरायचा. मराठी काय माठातून येणार होती? एकदा तुम्ही फळ्यावरची बेरीज मला विचारलीत. उत्तर बरोबर होतं, फक्त आमच्या गोरबोलीत होतं. अख्खा वर्ग हसला, आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही हसलात. ते मी विसरलेले नाही, विसरायचंही नाही.

दुसऱ्या वर्षीही मी दाराशीच बसलेली, म्हणून याडी तुम्हाला भेटायला आली. आईला आमच्यात याडी म्हणतात, एवढं तरी तुम्हाला माहीत होतं का? तिला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला तिची. मधे उभी मी, सात वर्षांची. वह्यांतून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, "सांग तुह्या मायले, पोरगी मठ्ठ आहे. कायले पाठवून राह्यली शाळेत? ढोरं राखाले लाव म्हणा." तेवढी मराठी मला पुरेपूर समजली. मी आमच्या बोलीत सांगितलं, "बाई म्हणतात, पोरगी हुशार आहे. हिला खूप शिकव." याडी तुमच्या पाया पडली. तुम्ही गोंधळलात. आठवड्याने तिने कवड्या आणि आरसे लावून शिवलेली पिशवी तुमच्या टेबलावर आणून ठेवली. सोमवारी मी पक्क्या ओळीत होते. माझी मराठी होती तेवढीच होती, बाई. बाकीच्या पाच जणांच्या आयांनी पिशव्या शिवल्या नाहीत. त्यांतली दोघं दिवाळीनंतर शाळेत आलीच नाहीत.

आता मीच पहिलीला शिकवते. माझ्या वर्गात ओळ एकच आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दरवर्षी तुमची नक्कल करते, पदर खोचण्यापासून ते 'मठ्ठ'पर्यंत. नाव घेत नाही, पण आपल्या दिग्रसकडचे जुने शिक्षक बरोबर ओळखतात आणि खाली बघतात. मला बरं वाटतं. खूप बरं वाटतं. फक्त घरात माझं काही चालत नाही. याडी आता थकली आहे, तरी नातवंडांना अजून सांगते, त्या बाईंनी हिला ओळखलं होतं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती. परवा ठरवून तिच्याजवळ बसले, आज सगळं सांगून टाकायचंच म्हणून. "याडी, त्या दिवशी बाई..." एवढंच म्हणाले, तर पुढचं वाक्य तिनेच हसत पूर्ण केलं, शब्दन् शब्द. मी नुसती मान डोलावली.

हे पत्र माझ्याच कपाटात राहणार, म्हणून एक लिहिते. 'पोरगी हुशार आहे' हे सांगताना मी याडीकडे पाहत नव्हते, तुमच्याकडे पाहत होते. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचं आहे.