कॅमेरा बंद आहे असं समजून

प्रिय ताई,

आई गेल्यावर तू परत निघालीस तेव्हा रिक्षात बसता बसता म्हणाली होतीस, "तिचा एखादा व्हिडिओ असेल तर पाठव रे, कसलाही चालेल." त्याला पाच महिने झाले. मध्ये तू दोनदा आठवण करून दिलीस आणि दोन्ही वेळा मी 'शोधतोय' म्हणून वेळ मारून नेली. शोधायचं काहीच नव्हतं. कॅमेऱ्याचं कार्ड कपाटात डोळ्यांसमोर होतं. आज ते या पाकिटात घालतोय. बघण्याआधी मात्र हे पत्र पुरतं वाच.

बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी आईला विचारलं होतं, कुठे जावंसं वाटतं का तुला? ती म्हणाली, "फ्रीजमधला सोडून दुसरा बर्फ नाही बघितला मी." सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत वाफेत उभी राहिलेली बाई, तिनं दुसरं काय मागावं! माझ्या मोबाइलवर काही टिपायचं म्हणजे सगळा भूकंप. म्हणून ठरवलं, प्रवासाला सोबत नेता येईल असा छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. माझा चिकित्सकपणा तुला ठाऊक आहे. चष्म्याच्या काचा बसवण्यात हयात गेली, त्यामुळे कुठलंही भिंग उजेडात धरून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन दुकानं पालथी घातली. एका कॅमेऱ्याच्या खोक्यावर झूमचा आकडा एवढा मोठा, की वाटावं चंद्रावरची मुंगी दिसेल. पण निम्म्याच्या पुढे गेलं की चित्राचे चौकोनी ठिपके व्हायचे. दुकानदार बिचारा सज्जन. म्हणाला, "आकड्यावर भुलू नका, भिंग स्वतः किती जवळ आणतं ते बघा. आणि हात थरथरले तरी चित्र स्थिर ठेवणारा घ्या." माझं हे सगळं चालू असताना आई स्टुलावर बसून कंटाळली होती. तिनं सगळ्यांत लहान तेवढा उचलला, मुठीत धरून इस्त्रीसारखा पुढेमागे फिरवला आणि निकाल दिला, "हा घे. मनगट दुखत नाही." तोच घेतला.

निघण्याआधी आठवडाभर घरात सराव केला. कोपर बरगड्यांना टेकवायचे, एका ठिकाणी दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं, झाडांना पाणी घातल्यासारखा कॅमेरा फिरवायचा नाही. आई मटार सोलत होती, तेच टिपत बसलो. ती वैतागली, "अरे, मटारांचा पिक्चर कोण बघणार आहे?" ते पहिलंच आहे कार्डावर. तू बघशील.

चार दिवस होतो आम्ही वर, बर्फाच्या गावी. थंडीत बॅटरी पटकन मान टाकते, म्हणून दुसरी बॅटरी मी बनियनला शिवलेल्या खिशात ठेवायचो. तो खिसा आईनंच शिवून दिला होता. बर्फाच्या पांढऱ्यापुढे माणसं कोळशासारखी काळी येतात, हे पहिल्या दिवसाचं सगळं वाया गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातला उजेड वाढवून घेतला आणि तिचा चेहरा नीट आला. तिनं मूठभर बर्फ घेऊन गालाला लावला आणि ओरडली, "अगं बाई, हा तर भाजतो!" मग अशी हसत सुटली, की तिला खाली बसवावं लागलं. बाबा गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगू, बाबा असतानाही नाही. तू घर सोडून गेलीस त्यानंतर त्या घरात कुणी मोठ्यानं हसलंच नाही.

परत आल्यावर ते बघायचं राहूनच गेलं. तीन महिन्यांत आईच गेली. तू मागितलंस म्हणून पहिल्यांदा सगळं सलग लावून बसलो. निम्मं चित्रण कुचकामी आहे. बटण दाबण्यात माझा गोंधळ व्हायचा. बंद केला समजायचो तेव्हा तो चालू व्हायचा. त्यामुळे माझे बूट आहेत, पिशवीतला काळोख आहे, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी लॉजच्या खोलीतल्या जमिनीचं बावीस मिनिटांचं चित्रण आहे. टेबलाचा पाय आणि फरशी, बाकी काही दिसत नाही. पण ऐकू सगळं येतं. माझा फोन वाजतो. तो तुझा होता. मी म्हणतो, "ती झोपलीये." तू काय विचारलंस ते येत नाही. मग पुन्हा मीच, "नको ताई, तिला नाही बोलायचं तुझ्याशी. उगाच तिला त्रास नको." आणि मागून आई, चांगली जागी: "कोण रे? ताई आहे का?" मी सांगतो, दुकानातून आहे. ती म्हणते, "मला वाटलं..."

ती बावीस मिनिटं पुसायला दोनदा बसलो. जमलं नाही. असं का केलं, ते सांगतो. तू गेल्यापासून अकरा वर्षं तिची औषधं, बाबांचा संताप, तिचं मुकाट रडणं मी एकट्यानं बघितलं. ती एकदा हसली, तर वाटलं, हे चार दिवस तरी माझे असू देत. तुझा आवाज ऐकला असता तर ताई येईल म्हणत तिनं त्याच पावली घरी चल म्हटलं असतं. एवढंच, ताई. इतका हलका निघालो मी. आणि मग ती गेल्यावर तू विचारलंस, "माझी आठवण काढायची का रे?" तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "फारशी नाही."

ती रोज काढायची. सकाळी चहाचा कप हातात घेतला की घड्याळाकडे बघून विचारायची, "आता तिकडे किती वाजले असतील? उठली असेल का ती?" मी तास मोजून सांगायचो. मग ती म्हणायची, "झोपू दे, दमत असेल," आणि चहा प्यायची. हे कार्डावर कुठेच नाही, मी कधी टिपलंच नाही. म्हणून पत्र लिहिलं.

माफी मागायलाही तोंड नसलेला, तरी तुझाच,
बारक्या