टोपी माकडानं नेली नव्हती

जुन्नर,
सोमवार, दुपार

ती. जीजीस,

धाकट्या सुवालालचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं अर्धंच समजावं.) इकडे सगळे खुशाल. तुझ्या पायाची सूज उतरली असेल अशी आशा आहे. विचारायला आठ दिवसांत अकरा वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं.

सुरुवात झाली ती माझ्या नातीपासून. सिद्धीनं सुट्टीत पुण्याहून येऊन जैन स्थानकात आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घेतला. एआय म्हणे आपल्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतं, त्या आवाजात लबाड लोक रडून पैसे मागतात. म्हणून प्रत्येक घरानं एक प्रश्न ठरवावा, ज्याचं उत्तर घरच्यांनाच ठाऊक. जीजी, पन्नास वर्षं पातळं विकल्यावर मला कळलं, की आपला जन्म खरा शिकवण्यासाठी होता! दुसऱ्या दिवसापासून दुकानातच माझा वर्ग सुरू. ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई तासभर ज्ञान घेऊन जायची आणि ब्लाउजपीस समोरच्या दुकानातून घ्यायची. आपल्या घरचा प्रश्नही मीच ठरवला: लहानपणी भीमाशंकरच्या जत्रेत माझी जरीची टोपी कुणी नेली? उत्तर, माकडानं. (बापूजींनी तिथं कापडाच्या दुकानाचं पाल लावलं होतं, मी आठ वर्षांचा, आणि मला सांभाळायला बारा वर्षांची तू.) लग्नाच्या पंगतींत ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की ते माकड मला आता नातेवाईक वाटतं. प्रश्न मात्र इतका गुप्त ठेवला, की तुलाही कळवला नाही.

मग आठ दिवसांपूर्वी, रविवारी, दुकानात रखमाजी, साळुबाई आणि आणखी तीन गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना लोणीहून तुझा फोन आला. एरवी तुझी सुरुवात 'येड्या'नं होते. त्या दिवशी म्हणालीस, ''सुवा, बाळा.'' झालं, मला संशय आला. मी बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, प्रात्यक्षिक म्हणून स्पीकर लावला आणि टोपीचा प्रश्न टाकला. त्यावर तू जे बोललीस ते अख्ख्या दुकानानं ऐकलं: ''कसलं माकड रं! तूच टोपी गोडीशेववाल्याला दिलीस, पावशेर शेव खाल्लीस अन् माकडाचं नाव केलंस. माज्या पायाला लई लागलंय, गाडी घिऊन ये.'' मी घसा साफ केला, हे मशीन आहे, उत्तर चुकलं, असं जाहीर केलं आणि फोन ठेवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त साळुबाई उठता उठता म्हणाली, ''शेठ, मशीन लई खरं बोलत व्हतं.''

संध्याकाळी तुझ्या शेजारच्या संपतनं फोनवर सांगितलं, की तू ओट्यावरून घसरलीस, दोन तास पायरीवर बसून राहिलीस आणि शेवटी त्यानंच तुला कांद्याच्या गोण्यांशेजारी पिकअपमध्ये बसवून मंचरला प्लास्टर घालून आणलं. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोनातल्या एआयला विचारलं, की असा फोन आला तर काय करायचं होतं. (मी त्याला अहो-जाहो करतो, वय माहीत नाही.) ते म्हणालं, आधी फोन ठेवा, मग आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरावर उलट फोन करून खात्री करा. यातला पहिला अर्धा भाग मी फार जोरात पार पाडला होता.

दुसरा अर्धा का नाही केला, ते लिहायला पेन उचलवत नाही, तरी लिहितो. खात्री करायची गरजच नव्हती. 'बाळा' ऐकून संशय आला हे खरं, पण गोडीशेव म्हटल्यावर या जगात तुझ्याशिवाय दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. तूच आहेस हे कळूनसवरून मी फोन ठेवला, पाच गिऱ्हाइकांसमोर अब्रू जाऊ नये म्हणून. आठ वर्षांच्या पोराची थाप एकाहत्तराव्या वर्षी वाचवायला तुला पायरीवर बसवलं. जीजी, मला माझी फार लाज वाटते.

माफीचं पत्र आधी एआयकडून लिहून घेतलं होतं. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं त्यानं लिहिलं. लाइट गेल्यावर लिहितात तसं. त्याचाही दोष नाही. घरचं गुपित त्याला सांगायचं नाही, असं सिद्धीनं बजावलेलं. टोपी वगळून माफी मागायची म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं तरी काय लिहावं?

तुझा लबाड भाऊ,
सुवालाल

ता. क. काल दुकानात सगळ्यांना टोपीची खरी गोष्ट सांगितली. रखमाजीला आवडली नाही. म्हणतो, शेठ, माकडाचीच बरी व्हती.

ता. क. २. रविवारी लोणीला येतो आहे. निघताना फोन करीन, तेवढा उचल. 'येड्या' म्हण, म्हणजे खात्री पटेल.

ता. क. ३. आपला प्रश्न आता गावभर झाला, तेव्हा नवा ठरवला आहे, आणि या वेळी तुला कळवतो: टोपी सांभाळली नाही म्हणून बापूजींची छडी कुणी खाल्ली, आणि शेव पोटात घालून, सगळं ठाऊक असून कोण गप्प बसलं? उत्तर कुणाला सांगू नकोस. मला त्रेसष्ट वर्षं पाठ आहे.