ट्रे उघडतो, पण नाव दिसत नाही

बाबा, आपल्या घरात आता कॉम्प्युटर आहे हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही तुम्हाला लागणार नाही. मीच सुरतेतून आणला, जुना, गोधडीत गुंडाळून. टीव्हीसारखा पडदा मांडीवर आणि त्याचा डबा पायांत, असा थेट आपल्या जानेफळपर्यंत. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "काय बे, कोणाचं घर उचलून आणलं?" मी इथं सुरतेत कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. तुम्ही गेल्यावर एका जागी बसणं मला जमलंच नाही, वर्गातही नाही आणि तुमच्या पिठाच्या गिरणीतही नाही. पण आपली लहानी बसते. तुम्ही गेले तेव्हा ती पाटीवर रेघोट्या ओढायची, आता बारावी झाली आणि चिखलीच्या क्लासात मराठी टायपिंग शिकली.

चिखलीच्याच एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली. टायपिंगची परीक्षा दिवाळीच्या आधी. इकडं काकानं तिच्यासाठी एक स्थळ आणून ठेवलेलं. घरात असं ठरलं की परीक्षेत निघाली तर पोरगी नोकरी करेल, लग्नाचं मागाहून पाहू. नाही निघाली तर दिवाळीत पाहुणे येणार. ठरलं म्हणजे काका बोलला आणि आई गप्प राहिली. क्लासवाल्या सरांनी सरावाची सीडी दिली होती. ती मशीनमध्ये घातल्याशिवाय टायपिंगचा धडा चालूच होत नाही. घरचं काम आटोपलं की लहानी मशीनपुढं जाऊन बसायची, आणि जेवायला हाका मारल्या तरी उठायची नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"भाऊ, सीडीचं खोकं गायब झालं."

"चोरी झाली?"

"चोरी नाही रे. खोकं जागेवरच हाय. बटन दाबलं का ट्रे भाईर येते, लाइटबी लागते. पण पडद्यावर पाह्यलं तं त्याचं नावच नाही. सी हाय, डी हाय, त्याच्या खालचं गेलं."

"बंद करून चालू कर."

"सकाळपासून तेच करून राह्यली."

"कोणी हात लावला काय?"

"कोन लावन? मी तं नाही लावला."

मागून काकाचा आवाज आला, "इकून टाका ते डबडं! पोरीले रांधता येते का ते इचारतीन पाहुणे, सीडी नाही इचारत."

सरांना विचारलं तर ते म्हणाले, मशीन चिखलीला आणा, पण दिवाळीनंतर. दिवाळीनंतर आणून काय करायचं? मला सुट्टी नव्हती. रंगाच्या हौदापाशी उभा राहून मी कापड फिरवत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं. ट्रे उघडतो, लाइट लागते, म्हणजे जीव आहे. मग नाव काऊन दिसत नाही? मी ठरवलं की तो डबा इथूनच, फोनवर सांगून उघडायचा. खोलीजवळ एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे. त्याला म्हटलं, एखादा उघडा डबा फक्त पाहू दे. "देखने का भी शौक होता है क्या?" म्हणून तो हसला, पण त्यानं दाखवलं. सीडीच्या खोक्याच्या पाठीला दोन जोडण्या असतात. एक चार वायरींची, ती वीज देते. दुसरी रुंद चपटी पट्टी, तिच्यातून ते खोकं बाकीच्या मशीनशी बोलतं. "करंट आता है ना? तो पट्टा निकला होगा," तो म्हणाला. पट्टीच्या एका काठाला लाल रेघ होती. ती मी नीट पाहतच होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्यानं मला बाजूला केलं.

रविवारी दुपारी फोन लावला. लहानीला आधी भिंतीतली पिन काढायला लावली, मग तुमच्या गिरणीच्या पेचकसानं डब्याचे स्क्रू. झाकण निघाल्याचा आवाज आला आणि पोरगी "अवो माय!" करून ओरडली.

"काय झालं?"

"भाऊ, आत हळद-कुंकू हाय."

"कुठं?"

"सीडीच्या खोक्यावर. पंख्यापाशी झेंडूच्या पाकळ्याबी पडल्या. अन् एक पट्टी नुसती लोंबून राह्यली."

मग फोन आईच्या हातात गेला. "तुह्या बाबानं खंडेनवमीले गिरणी कधी वरून पुसली का रे?" ती म्हणाली. "पोटातून पुसायचे. मीबी तसंच केलं. पेच काढाले गिरणीवरच शिकली मी. ओलं फडकं नाही लावलं, कोरडंच होतं. ते पट्टी आडवी येत होती, तं थोडीशी सरकवली बाप्पा."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, माह्याच हातानं पोरीचं वाटोळं झालं."

बाबा, ती नवमी मला दिसते. गिरणीचा पट्टा उतरवलेला आहे, वरचा दगड साखळीनं उचलून बाजूला घेतलाय. तुम्ही आत डोकं घालून कुंच्यानं जुनं पीठ झाडताय, भुवया पांढऱ्या झाल्यात. बाहेर एक बाई डोक्यावर डबा घेऊन उभी आहे, "एवढं दळून द्या ना हो, उद्या सण हाय," आणि तुम्ही आतूनच ओरडता, "आज मशीनची सुट्टी!" मी घाईघाईनं दगडाच्या काठाला कुंकू फासतो आणि पळायला निघतो. तुम्ही मनगट धरता. "वरून सारेच लावतात बे. जिथं कोणी पाह्यत नाही तिथं लाव." मला तेव्हा राग आला होता, बाहेर पोरं खेळत होती. पुढं गिरणी विकली. त्यानंतर दर नवमीला आई विळ्याला, खुरप्याला हळद लावायची. त्यांना पोट कुठलं? यंदा किती तरी वर्षांनी घरात पोट असलेलं मशीन आलं, आणि तिनं ते उघडलं.

मी तिला म्हटलं, "तुह्यानं काही नाही झालं. मीच बसवताना पट्टी ढिली ठेवली होती."

"खरंच?"

"हाव. दे फोन तिले."

लहानीनं पट्टी हातात घेतली. कुठं बसते ते तिला दिसत होतं, पण उलटी की सुलटी ते कळत नव्हतं. "भाऊ, लाल काठ कोनीकडं?" मी लगेच सांगितलं, "विजेच्या वायरीकडं. दाब जोरानं." तिनं दाबली. पिन लावली. पंखा घरघरला.

"आलं का?"

"थांब नं, चालू तं होऊ दे."

मी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. मग ती किंचाळली, "आलं! भाऊ, आलं! डीच्या खाली आलं!" आई काय झालं म्हणून विचारत होती. फोन तसाच टेबलावर टाकून पोरगी सरावाला बसली. मला तिकडून कळांची टकटक ऐकू येत होती, आणि मी ती ऐकत राहिलो.

आज तिची परीक्षा आहे. सकाळच्या गाडीनं ती आणि आई चिखलीला गेल्या असतील. काकाला मी फोनवर सांगितलंय, निकालाच्या आधी पाहुण्यांनी उंबरा ओलांडला तर मी इथलं काम सोडून येईन आणि दारात बसेन. तो म्हणाला, "बापावर गेला." बरं वाटलं. निकाल हवा तसा नाही लागला तरी ती पुन्हा बसेल, आणि मशीन बिघडलं तर मी पुन्हा उघडवेन. आता हे कोणी अडवून दाखवावं.

तुमचा पत्ता आपलं घरच. पण घरी टाकलं तर हे पत्र लहानीच फोडून वाचेल, म्हणून टाकत नाही. तिला हे कळायला नको. लाल काठ कोणीकडं असतो ते मला आठवत नव्हतं, बाबा. उलटी बसली असती तर मशीन जळालं असतं की नुसतं बंद राहिलं असतं, तेही माहीत नव्हतं. ती विचारत होती, घरात सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सांगून टाकलं. तुम्हीपण आम्हाला काही काही असंच सांगायचे का?